क्षेत्र दिलंय, पोटेन्शियल काढा: तीन वजा चिन्हं आणि शून्याची जागा

सोलापुरात पूर्व भागात आमचं घर आहे. संध्याकाळी माग बंद झाले की गल्लीतली अकरावी-बारावीची आणि बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची मुलं फिजिक्सची गणितं घेऊन येतात. गुरुत्वाकर्षणाचा धडा लागला की ठरावीक चुका दिसायला लागतात. एकाचं उत्तर अधिक चिन्हाचं, दुसरीचं दुप्पट, तिसऱ्याने पोकळ गोलाच्या आत पोटेन्शियल शून्य लिहिलेलं, आणि चौथ्याला सूत्र तोंडपाठ पण ते कुठे चालतं हे ठाऊक नाही. मी स्वतः बी.एस्सी.ला असताना या प्रश्नाचे सगळे मार्क घालवले होते. संकलन बरोबर होतं, चिन्ह उलटं पडलं. पुढे त्यावरून मुक्तिवेग काढायला गेले तर वर्गमुळाखाली वजा संख्या आली. पेपर संपायला दहा मिनिटं उरली होती आणि चूक कुठे झाली ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून जिथे पाय घसरतो तिथे मी जास्त थांबणार आहे.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांसाठी आधी एक गोष्ट. अकरावीच्या पुस्तकात ज्याला पोटेन्शियल म्हणतात त्याला मराठीत विभव म्हणतात. शाळेत विजेच्या धड्यात 'विभवांतर' शिकलात, त्यातलाच हा विभव. वर्गात मात्र सगळे पोटेन्शियलच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते. इंटिग्रेशन म्हणजे संकलन, डिफरन्शिएशन म्हणजे विकलन.

बसण्याआधी जवळ काय हवं

- कोरे कागद आणि दोन रंगांची पेनं. दुसरा रंग फक्त वजा चिन्हांसाठी.
- एक आलेख कागद, सातव्या पायरीसाठी.
- लॉग टेबल. बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर नसतो, त्यामुळे सरावही टेबलावरच करा.
- तीन संकलनं पाठ: स्थिरांकाचं, 'आर'चं आणि १/आर² चं. शेवटचं −१/आर येतं, यातलं वजा विसरू नका.
- पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६३७१ किलोमीटर. पृथ्वीसाठी जीएम, म्हणजे गुरुत्व स्थिरांक गुणिले वस्तुमान, हा ३.९८६ गुणिले १० चा १४ वा घात, एसआय एककांत.

खाली 'ई' म्हणजे गुरुत्वीय क्षेत्र, 'व्ही' म्हणजे पोटेन्शियल, 'आर' म्हणजे केंद्रापासूनचं बदलतं अंतर आणि 'त्रि' म्हणजे गोलाची ठरलेली त्रिज्या. शेवटच्या दोघांची अक्षरं मुद्दाम वेगळी ठेवली आहेत. पुस्तकात एक मोठा आर आणि एक छोटा आर असतो, आणि घाईच्या अक्षरात दोन्ही सारखेच दिसतात.

१. क्षेत्र आणि पोटेन्शियल यांत गल्लत करू नका

एक किलो शेंगदाण्याचा पुडा हातात धरा. पृथ्वी त्याला सुमारे ९.८ न्यूटन बलाने खाली ओढते आहे. प्रत्येक किलोमागे लागणारं हे बल म्हणजे क्षेत्र: ९.८ न्यूटन प्रति किलोग्रॅम, दिशा खाली. क्षेत्राला दिशा असतेच.

आता तोच पुडा सावकाश जिन्याने ९ मीटर उंच गच्चीवर न्या. गुरुत्वाविरुद्ध प्रत्येक किलोमागे ९.८ × ९ म्हणजे ८८.२ ज्यूल कार्य झालं. हा गच्ची आणि तळमजला यांच्या पोटेन्शियलमधला फरक. याला दिशा नाही, नुसती संख्या आणि चिन्ह. पुडा दोन किलोचा असता तर ऊर्जा १७६.४ ज्यूल लागली असती, पण पोटेन्शियलमधला फरक ८८.२ ज्यूल प्रति किलोग्रॅम एवढाच राहिला असता. प्रश्नात वस्तुमान दिलं आहे म्हणून पोटेन्शियलला त्याने गुणून मोकळे होऊ नका. 'पोटेन्शियल' विचारलंय की 'पोटेन्शियल एनर्जी', हे दोनदा वाचा.

२. एकच ओळ पाठ करा

बाकी सगळं या ओळीतून निघतं:

डीव्ही = −ई · डीआर

म्हणजे 'अ' पासून 'ब' पर्यंत गेलो तर

व्ही(ब) − व्ही(अ) = −∫ ई · डीआर, मर्यादा 'अ' ते 'ब'.

वजा का, तर क्षेत्र ज्या बाजूला ओढतं त्याच्या उलट आपण नेतो आणि ते कार्य मोजतो. क्षेत्राच्या दिशेने गेलात की पोटेन्शियल उतरतं, उलट गेलात की चढतं. हे मनात बसलं की निम्म्या चुका कागदावर यायच्या आधीच थांबतात.

या राशीला पोटेन्शियल हे नाव इंग्लंडमधल्या जॉर्ज ग्रीन यांच्या १८२८ च्या निबंधातून रूढ झालं. लहानपणी जेमतेम वर्षभर शाळेत गेलेला हा माणूस वडिलांची पिठाची पवनचक्की चालवायचा. केंब्रिजला शिकायला गेला तो वयाच्या चाळिशीत. गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावलेल्या आपल्या गावातल्या मुलांना मी हे दर वर्षी सांगते.

३. शून्य कुठे धरलाय ते आधी लिहा

संकलनातून फक्त फरक मिळतो. एका जागेचं पोटेन्शियल सांगायचं असेल तर दुसऱ्या कुठल्या तरी जागेचं आधी ठरवावं लागतं. गोल, ग्रह, बिंदुवस्तुमान, कडं असं काही असेल तर शून्य अनंतावर. जमिनीलगतचं एकसारखं क्षेत्र असेल तर शून्य जमिनीवर किंवा प्रश्नात सांगितलं असेल तिथे. एकसारख्या क्षेत्रात शून्य अनंतावर धरून चालत नाही, कारण अनंत अंतरावर उंची गुणिले ९.८ चीही बेरीज अनंतच होते.

वारा पडलेला असताना सिद्धेश्वर तलावाच्या काठी उभं राहून पाण्याकडे बघा. देवळाच्या पायऱ्यांपासून पलीकडे किल्ल्याच्या तटापर्यंत पाण्याचा पृष्ठभाग एका पातळीत असतो. पृथ्वीच्या फिरण्याचा थोडासा वाटा जमेस धरला, तर त्या सगळ्या पृष्ठभागावर पोटेन्शियल एकच असतं, म्हणून तर पाणी कुठल्याच बाजूला वाहत नाही. शून्य तुम्ही अनंतावर धरा, तलावाच्या तळाशी धरा की घाटाच्या वरच्या पायरीवर, आकडा बदलेल पण पाणी तसंच राहील. शून्याची जागा आपल्या सोयीची असते. मात्र एकदा धरली की गणित संपेपर्यंत ती हलवायची नाही.

४. चिन्हं: इथे घाई नको

बिंदुवस्तुमान किंवा पृथ्वीच्या बाहेरचा कुठलाही बिंदू घ्या. 'आर' केंद्रापासून बाहेर वाढतो, ओढ आत असते. म्हणून

ई = −जीएम/आर²

हे पहिलं वजा. बहुतेक मुलं इथे नुसतं जीएम/आर² लिहितात, कारण पुस्तकात क्षेत्राचं परिमाण तसंच छापलेलं असतं. परिमाण वेगळं, घटक वेगळा. संकलनात घटक जातो, चिन्हासकट.

आता अनंतापासून 'आर' पर्यंत:

व्ही(आर) − ० = −∫ (−जीएम/आर²) डीआर, मर्यादा ∞ ते आर

= +जीएम ∫ (१/आर²) डीआर

= जीएम [−१/आर], मर्यादा ∞ ते आर

= −जीएम/आर

आता दुसऱ्या रंगाचं पेन घ्या आणि वजा चिन्हं मोजा. एक व्याख्येतलं, एक क्षेत्रातलं, एक १/आर² च्या संकलनातलं. पहिली दोन एकमेकांना खातात, तिसरं उत्तरात उरतं. 'वजा वजा अधिक' म्हणत जो अधिक जीएम/आर लिहून मोकळा होतो, त्याने तिसरं मोजलेलंच नसतं. परीक्षेत माझंही नेमकं तेच झालं होतं.

आणखी एक चोरवाट आहे, आणि तिथे हुशार मुलंच जास्त जातात. ती म्हणतात, "आपण अनंताकडून आत येतोय, म्हणजे 'आर' कमी होतोय, म्हणून डीआरलाही वजा लावायला हवं ना?" नाही. आत येणं हे मर्यादांमध्येच लिहिलेलं आहे: खाली ∞, वर आर. डीआरला आणखी वजा लावलं तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते आणि चिन्ह पुन्हा उलटतं. दिशा मर्यादांवर सोपवा, डीआरला हात लावू नका.

आकडा घालून बघू. पृथ्वीच्या पृष्ठभागावर आर = ६३७१ किलोमीटर म्हणजे ६३.७१ लाख मीटर. भागाकार केला की व्ही सुमारे −६.२६ कोटी ज्यूल प्रति किलोग्रॅम येतं. किलोमीटर मीटरमध्ये केले नाहीत तर उत्तर हजार पटींनी चुकतं. याच्या दुपटीचं वर्गमूळ, चिन्ह सोडून, सुमारे ११,२०० मीटर प्रति सेकंद. दहावीला पाठ केलेला ११.२ किलोमीटर प्रति सेकंद हा मुक्तिवेग तो हाच.

५. क्षेत्राचं सूत्र बदलतं तिथे संकलन तोडा

भरीव, एकसारख्या घनतेच्या गोलाच्या आतलं पोटेन्शियल विचारलं की सगळ्यात जास्त गोंधळ होतो. बाहेर ई = −जीएम/आर², आत ई = −जीएम·आर/त्रि³. आतल्या बिंदूवर जायचं तर अनंतापासून निघून आधी बाहेरचा प्रदेश ओलांडावा लागतो. आतलंच सूत्र धरून अनंतापासून संकलन केलं तर उत्तर अनंत येतं, आणि मग मुलं खालची मर्यादा मनाने शून्य करून टाकतात. तसं करू नका. दोन तुकडे करा.

पहिला तुकडा अनंत ते पृष्ठभाग: वरच्यासारखाच, −जीएम/त्रि.

दुसरा तुकडा पृष्ठभाग ते आतला बिंदू:

−∫ (−जीएम·आर/त्रि³) डीआर, मर्यादा त्रि ते आर = जीएम (आर² − त्रि²)/(२त्रि³)

दोन्हींची बेरीज:

व्ही(आर) = −जीएम (३त्रि² − आर²)/(२त्रि³)

लगेच दोन जागी तपासा. आर = त्रि घातलं की −जीएम/त्रि यायला हवं. येतं. आर = ० घातलं की −३जीएम/(२त्रि), म्हणजे पृष्ठभागाच्या दीडपट खोल.

मागावर जुना ताणा संपत आला की नव्या ताण्याचं प्रत्येक सूत जुन्याच्या टोकाला गाठतात, हे आमच्या गल्लीतल्या पोरांनी लहानपणापासून पाहिलंय. तसंच इथे समजा. सीमेवर बाहेरचं आणि आतलं पोटेन्शियल एकाच किमतीला गाठलं गेलं पाहिजे. क्षेत्र सीमेवर एकदम उडी मारू शकतं, पोटेन्शियल मारत नाही.

पोकळ पातळ गोलाचं याच पद्धतीने होतं. आत क्षेत्र शून्य, म्हणून दुसऱ्या तुकड्याचा वाटा शून्य. पहिला तुकडा मात्र जागेवरच आहे. म्हणून आत सगळीकडे व्ही = −जीएम/त्रि, पृष्ठभागावर होतं तेच. क्षेत्र शून्य असणं म्हणजे पोटेन्शियल न बदलणं. ते शून्य असलंच पाहिजे असं नाही.

एक गोष्ट मला शिकताना कुणी सांगितली नव्हती. खरी पृथ्वी एकसारख्या घनतेची नाही. गाभा लोखंडाचा आणि जड असल्यामुळे खाली जाताना क्षेत्र सरळ रेषेत कमी होत नाही. सुमारे २९०० किलोमीटर खोलीवर, गाभ्याच्या सीमेशी, ते पृष्ठभागापेक्षा जास्त, १०.७ च्या आसपास असतं. पेपरात 'एकसारखी घनता' हे शब्द दिसले तरच वरचं सूत्र वापरा.

६. क्षेत्र एक्स आणि वाय घटकांत दिलं असेल तर

प्रवेश परीक्षांचा हा आवडता प्रकार. आधी सोपा: क्षेत्राचा एक्स घटक ४, वाय घटक −३ न्यूटन प्रति किलोग्रॅम, सगळीकडे सारखा. आरंभबिंदूवर व्ही शून्य. मग

व्ही = −४एक्स + ३वाय

(३, ४) या बिंदूवर −१२ + १२ = ०. शून्य आलं की मुलं खोडायला लागतात. खोडू नका. आरंभबिंदूपासून (३, ४) कडे जाणारी रेषा क्षेत्राला काटकोनात आहे, म्हणून त्या वाटेवर कार्य होतच नाही.

आता अवघड: एक्स घटक −२एक्स·वाय, वाय घटक −(एक्स² + ३). बहुतेकांची वही अशी दिसते: एक्स घटकाचं संकलन करून एक्स²·वाय, वाय घटकाचं करून एक्स²·वाय + ३वाय, दोन्ही मिळवून २एक्स²·वाय + ३वाय. चूक. एक्स²·वाय हे पद दोन्ही संकलनांत तेच आहे, ते एकदाच घ्यायचं.

न चुकणारी रीत अशी:

- एक्स घटकाचं, चिन्ह उलटवून, एक्सच्या संदर्भात संकलन: व्ही = एक्स²·वाय + फ(वाय). स्थिरांकाच्या जागी वायचं अनोळखी फलन ठेवा.
- याचं वायच्या संदर्भात विकलन करून वाय घटकाशी, चिन्ह उलटवून, जुळवा: एक्स² + फ′(वाय) = एक्स² + ३. म्हणून फ = ३वाय.
- व्ही = एक्स²·वाय + ३वाय + स्थिरांक.

आणि हे सगळं करण्याआधी पोटेन्शियल आहे की नाही ते बघा. एक्स घटकाचं वायच्या संदर्भात आणि वाय घटकाचं एक्सच्या संदर्भात विकलन सारखं यायला हवं. इथे दोन्ही −२एक्स. सारखं आलं नाही, तर एका वाटेने एक उत्तर येईल आणि दुसऱ्या वाटेने दुसरं. असं क्षेत्र गुरुत्वीय असूच शकत नाही. प्रश्न उतरवताना चूक झाली असणार, परत बघा.

७. सूत्र नाही, फक्त आकडे किंवा आलेख असेल तर

क्षेत्र विरुद्ध अंतर असा आलेख दिला की त्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे पोटेन्शियलमधला फरक. आलेख कागदावर पृथ्वीचे हे तीन बिंदू काढा: पृष्ठभागावर ९.८२, एक हजार किलोमीटर उंचीवर ७.३४, दोन हजारांवर ५.६९ न्यूटन प्रति किलोग्रॅम. लगतचे बिंदू सरळ रेषांनी जोडले की दोन समलंब चौकोन होतात. पहिल्याची सरासरी उंची ८.५८, दुसऱ्याची ६.५१५. प्रत्येकाची रुंदी १० लाख मीटर. बेरीज सुमारे १.५१ कोटी ज्यूल प्रति किलोग्रॅम.

सूत्राने काढलं तर १.४९५ कोटी. आपलं उत्तर किंचित जास्त आलं, कारण वक्र खाली झोल खाऊन जातो आणि आपल्या सरळ रेषा त्याच्या वरून जातात. हेच सरधोपट ९.८२ गुणिले २० लाख केलं असतं तर १.९६ कोटी आले असते, म्हणजे जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने जास्त. गच्चीपर्यंत जे चालतं ते हजारो किलोमीटरला का चालत नाही, ते या तीन आकड्यांकडे बघून कळतं.

आलेखात क्षेत्राचं फक्त परिमाण काढलंय की चिन्हासकट घटक, हे अक्षावरच्या आकड्यांवरून बघून घ्या. परिमाण असेल तर चिन्ह तुम्हाला लावायचं आहे: बाहेर जाताना पोटेन्शियल वाढलं पाहिजे.

८. उत्तराखाली रेघ मारण्याआधी

उत्तराचं विकलन करा आणि वजा लावा. दिलेलं क्षेत्र जसंच्या तसं परत आलं पाहिजे. मग एकक बघा, ज्यूल प्रति किलोग्रॅम. शून्य अनंतावर असेल तर उत्तर कुठेही धन येता कामा नये, कारण गुरुत्व फक्त ओढतं. या तपासणीला जेमतेम एक मिनिट लागतं. मी ते त्या पेपरला दिलं नव्हतं.

आता एक गणित न बघता सोडवा. वस्तुमान एम, त्रिज्या ए अशा कड्याच्या अक्षावर, केंद्रापासून एक्स अंतरावर

ई = −जीएम·एक्स/(ए² + एक्स²) चा दीडावा घात

ए² + एक्स² ला एकच अक्षर माना, अनंतापासून या, तिन्ही वजा मोजा. उत्तर −जीएम/√(ए² + एक्स²) यायला हवं. कड्याच्या मधोमध क्षेत्र शून्य आणि पोटेन्शियल −जीएम/ए. तिथे शून्य आलं असेल, तर पाचव्या पायरीतला पोकळ गोल परत काढून बघा.